शेवग्याच्या पाल्यासाठी खडकाची भुकटी, रॉक फॉस्फेट, झिंक सल्फेट: जड धातूंचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मोहोळ तालुक्यात आपला दोन एकर शेवगा आहे. तो शेंगांसाठी नसून पाल्यासाठी दाट लावलेला आहे. पाला वाळवून, दळून आपण एका निर्यातदाराला पावडर देता आणि त्याने या हंगामापासून शिसे, कॅडमियम, आर्सेनिक व पारा या चार धातूंचा तपासणी अहवाल मागितला आहे. त्याच सुमारास एक विक्रेता एकरी एक टन 'ज्वालामुखी खडकाची भुकटी', तीनशे किलो रॉक फॉस्फेट, शिवाय जिप्सम आणि झिंक सल्फेट टाकण्याचा आग्रह धरतो आहे. परदेशात गांजा पिकवणारे लोक अशाच भुकट्यांमधील शिशावरून वाद घालताना आपण पाहिले, आणि आपली पावडर नापास होईल का, अशी शंका आपल्या मनात आली.

आधी निष्कर्ष सांगतो, कारणे मागून देतो. झिंक सल्फेट माती परीक्षणात जस्त कमी असेल तर निर्धास्त टाका, मात्र चांगल्या प्रतीचे घ्या. जिप्सम जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली, असेल तरच टाका. रॉक फॉस्फेट टाकू नका. खडकाच्या भुकटीने आपल्या जमिनीचे धातूंच्या दृष्टीने फारसे नुकसान होणार नाही, पण फायदाही होणार नाही, आणि पाल्यावर तिची धूळ बसली तर मात्र अहवाल बिघडेल. आपल्या पावडरीला खरा धोका पोत्यातील खनिजांपेक्षा पानावरच्या धुळीचा आणि टनांनी पडणाऱ्या कंपोस्टचा आहे. या शेवटच्या दोन गोष्टींविषयी आपण विचारलेले नाही, म्हणून त्यांवर अधिक लिहीत आहे.

गांजाच्या संदर्भाबद्दल प्रथम. आपल्याकडे अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायदा, १९८५ अन्वये गांजाची लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे, त्यामुळे त्या पिकाचा सल्ला येथे प्रस्तुत नाही. परंतु त्या लोकांची भीती कोठून आली हे समजून घेतले, तर तिचा कोणता भाग आपल्याला लागू पडतो आणि कोणता पडत नाही, हे स्पष्ट होते. कॅलिफोर्नियात श्वासावाटे घेण्याच्या गांजासाठी शिसे ०.५, कॅडमियम ०.२, आर्सेनिक ०.२ आणि पारा ०.१ पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) अशा कडक मर्यादा आहेत, कारण धुरावाटे फुप्फुसात गेलेले कॅडमियम पोटातून जाणाऱ्या कॅडमियमपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात उतरते. शिवाय ते झाड जमिनीतील धातू ओढून घेणारे म्हणून ओळखले जाते, इतके की चेर्नोबिलच्या परिसरात दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याच जातीच्या हेम्पचे प्रयोग झाले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते लोक बहुधा पिशवीत किंवा कुंडीत, कोकोपीट अथवा पीटच्या हलक्या आणि किंचित आम्लधर्मी माध्यमात पीक घेतात.

कुंडी आणि शेत यांतील फरक आकड्यांनी पाहू. वीस लिटरच्या पिशवीत कोकोपीट आणि कंपोस्टचे कोरडे वजन पाच किलोच्या आसपास धरा. त्यात अर्धा किलो खडकाची भुकटी मिसळली आणि त्या भुकटीत शिसे २० पीपीएम, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम असले, तर पिशवीत १० मिलिग्रॅम शिसे आले, आणि एकूण साडेपाच किलो मिश्रणात त्याचे प्रमाण जवळपास १.८ पीपीएमने वाढले. आता आपले शेत घ्या. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच थराचे वजन आपल्या काळ्या जमिनीत साधारण ८ लाख किलो भरते. तीच भुकटी एकरी एक टन टाकली तर २० ग्रॅम शिसे गेले, आणि ८ लाख किलोंत ही वाढ ०.०२५ पीपीएम इतकी झाली. भुकटी तीच, अहवाल तोच, पण परिणामात सत्तर पटींहून अधिक अंतर. म्हणून पोत्यावरचा किंवा अहवालातला पीपीएमचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याला एकरी किती किलो टाकणार या वजनाने गुणले पाहिजे आणि आलेला आकडा जमिनीत मुळातच असलेल्या साठ्याशी ताडून पाहिला पाहिजे. आपल्या प्रश्नातील प्रत्येक मालाला मी हेच माप लावणार आहे.

हा साठा किती असतो? ८ लाख किलो मातीत १ पीपीएम म्हणजे ८०० ग्रॅम धातू, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे तोंडी सुटते. जमिनीत शिसे १० पीपीएम असले, जे अगदी सर्वसाधारण आहे, तर एकरात वरच्या सहा इंचांत ८ किलो शिसे निसर्गतःच आहे. त्यात २० ग्रॅमची भर पडली तर प्रयोगशाळेच्या यंत्राला ती दिसणारही नाही. कॅडमियमची गोष्ट वेगळी आहे. ते मातीत फारच थोडे असते. ०.१५ पीपीएम धरले तर एकरात अवघे १२० ग्रॅम. येथे दहा-वीस ग्रॅमची भरही नजरेत भरते, आणि एकदा जमिनीत गेलेला धातू कुजत नाही, उडून जात नाही, पिकाबरोबर अगदी किरकोळ बाहेर पडतो. म्हणून खनिज खतांच्या बाबतीत मी शिशापेक्षा कॅडमियमवर अधिक लक्ष ठेवतो.

या मापाने झिंक सल्फेट पाहू, कारण त्याच्याबद्दल विनाकारण घबराट आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे २१ टक्के जस्त असलेल्या झिंक सल्फेटमध्ये शिसे जास्तीत जास्त ०.००३ टक्के, म्हणजे ३० पीपीएम, आणि कॅडमियम जास्तीत जास्त ०.००२५ टक्के, म्हणजे २५ पीपीएम चालते. २५ पीपीएम कॅडमियम हा आकडा ऐकायला मोठा आहे. पण एकरी मात्रा १० किलो. म्हणजे माल अगदी मर्यादेच्या टोकाला असला तरी एकरात जाणारे कॅडमियम पाव ग्रॅम, १२० ग्रॅमच्या साठ्यापुढे नगण्य. उलट बाजू अशी की जस्त आणि कॅडमियम हे रासायनिक स्वभावाने एकमेकांच्या जवळचे धातू आहेत, मुळांच्या एकाच वाटेने आत शिरण्यासाठी त्यांची स्पर्धा चालते, आणि जमिनीत जस्ताची कमतरता असली की झाड कॅडमियम अधिक उचलते. सोलापूरच्या चुनखडीयुक्त जमिनींत जस्ताची कमतरता नित्याची आहे. डीटीपीए पद्धतीने, म्हणजे पिकाला मिळू शकणारा भाग मोजणाऱ्या अर्काने, काढलेले उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल, तर कॅडमियमच्या भीतीने झिंक सल्फेट टाळणारा शेतकरी प्रत्यक्षात पाल्यातले कॅडमियम वाढवण्याचीच सोय करत असतो. हे मी अनेकांना समजावून सांगतो आणि अनेकांना ते पटायला वेळ लागतो.

तरीही प्रत पाहून घ्या, आणि त्याला कारण आहे. झिंक सल्फेट पुष्कळदा लोखंडावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांतील जस्ताची राख आणि मळ यांपासून गंधकाम्लाच्या साहाय्याने बनवतात. राखेत शिसे व कॅडमियम असतेच, चांगला उत्पादक ते शुद्धीकरणात काढून टाकतो, ढिला उत्पादक काढत नाही. घरी करण्याजोगी एक साधी तपासणी आहे. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन चमचाभर झिंक सल्फेट विरघळवा आणि दहा मिनिटे खिडकीपाशी ठेवा. चांगल्या मालाचे द्रावण नितळ दिसते. तळाशी करडा किंवा मातकट साका बसला, अथवा द्रावण दुधट राहिले, तर ते पोते परत करावे. या चाचणीने शिशाचा आकडा कळत नाही, पण शिसे सल्फेटबरोबर जवळजवळ न विरघळणारे संयुग करते, त्यामुळे साक्याचा माल संशयितच समजावा. मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ ओळखायची असेल तर द्रावणात सौम्य कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने घाला. पांढरा साका येईल आणि आणखी सोडा घातल्यावर तो विरघळला तर जस्त, न विरघळता तसाच राहिला तर मॅग्नेशियम. पिशवीवर बॅच क्रमांक आणि खत नियंत्रण आदेशाप्रमाणे घटकांचा तक्ता नसेल, तर इतर काही पाहण्याची गरजच नाही.

आता रॉक फॉस्फेट. स्फुरदाचा (फॉस्फेटचा) खडक जेथून येतो त्यावर त्यातील कॅडमियम ठरते. रशियाच्या कोला द्वीपकल्पातील किंवा दक्षिण आफ्रिकेतील अग्निजन्य खडकात ते फार कमी असते, तर समुद्रतळाशी साचून बनलेल्या गाळाच्या खडकांत, जसे पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल आणि टोगोचे, ते बरेच जास्त असू शकते. आपल्याकडील मोठी खाण उदयपूरजवळ झामरकोटड्याला आहे, आणि बाकी खडक बाहेरून येतो. पोत्यावर 'रॉक फॉस्फेट' एवढेच छापलेले असते, कोणत्या खाणीचे ते कळत नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमाने खनिज स्फुरद खतांसाठी किलोभर स्फुरदामागे कॅडमियम ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि ती २०२२ पासून लागू झाली. २० टक्के स्फुरद असलेल्या खडकाला ती लावली तर खताच्या किलोमागे १२ मिलिग्रॅम होतात. समजा आपल्याला मिळालेल्या मालात ते ३० मिलिग्रॅम आहे. एकरी तीनशे किलोंबरोबर ९ ग्रॅम कॅडमियम जाईल, आणि दरवर्षी टाकत गेलात तर दहा वर्षांत ९० ग्रॅम, म्हणजे मूळच्या १२० ग्रॅम साठ्याच्या पाऊणपट. ही भर खरी आहे आणि परत काढता येणारी नाही.

एवढे करून पदरात काय पडते? रॉक फॉस्फेट विरघळायला आम्लधर्मी जमीन लागते, सामू (पीएच) साडेपाच-सहाच्या खाली असेल तर ते हळूहळू उपलब्ध होते. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत त्याला अर्थ आहे. आपल्या जमिनीचा सामू ८ च्या आसपास, वर चुनखडी. तेथे हा खडक दगडासारखा पडून राहतो. पिकाला स्फुरद नाही आणि जमिनीला कॅडमियम, असा हा व्यवहार आहे, म्हणून माझा नकार आहे. स्फुरद हवेच असेल तर सुपर फॉस्फेट शेणखतात मुरवून द्या, किंवा ठिबकातून १२:६१:०० हे विद्राव्य खत द्या. तीही खडकापासूनच बनतात, पण स्फुरद पिकाला लागते तेवढेच आणि उपलब्ध स्वरूपात जात असल्याने मात्रा कमी पुरते.

खडकाच्या भुकटीबद्दल विक्रेता 'सत्तर सूक्ष्म खनिजे' असे सांगतो. ते खोटे नसेल. कोणताही खडक बारकाईने तपासला तर सत्तर मूलद्रव्ये सापडतात, आणि त्या सत्तरांत शिसे, आर्सेनिक, कॅडमियम हेही असतातच. परंतु आपल्या बाबतीत मूळ प्रश्न वेगळा आहे. सोलापूरची काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासूनच बनली आहे, आणि बेसाल्टची भुकटी त्या मातीत टाकणे म्हणजे जे लाखो किलोंनी आहे तेच एक टन आणखी विकत घेणे. पावसाने धुपून निःसत्त्व झालेल्या आम्लधर्मी जमिनींत ही भुकटी उपयोगी पडते हे खरे, पण तशी जमीन आपली नाही. धातूंचे म्हणाल तर बेसाल्टमध्ये शिसे व कॅडमियम कमीच असते, मात्र तांबे, निकेल आणि क्रोमियम स्वभावतः जास्त असते. हे धातू सिलिकेटच्या जाळ्यात अडकलेले असल्याने पिकाला सहज मिळत नाहीत. त्यामुळे कोणी आपल्या मातीचा 'एकूण क्रोमियम' तपासून मोठा आकडा दाखवला, तर लगेच प्रदूषण समजू नका. तो आपल्या खडकाचा स्वभाव आहे. ही भुकटी नेमकी कोठून आली, बेसाल्टची आहे की आणखी कशाची, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. बहुतेक भुकट्या नोंदणीकृत खत म्हणून न विकता 'भूसुधारक' म्हणून विकल्या जातात, त्यामुळे झिंक सल्फेटला जशा धातूंच्या कायदेशीर मर्यादा लागतात तशा त्यांना आपोआप लागत नाहीत. खाणीचा किंवा भट्टीचा टाकाऊ माल दळून 'खनिज' म्हणून विकण्याचे प्रकार जगात झाले आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने १९९८ साली कायदा करून खतांतील जड धातूंचे आकडे लोकांसमोर ठेवण्याची सोय केली ती याच पार्श्वभूमीवर.

जिप्समविषयी थोडक्यात. राजस्थानातील खाणीचे जिप्सम सर्वसाधारणपणे स्वच्छ असते. स्फुरद आम्लाच्या कारखान्यात उपउत्पादन म्हणून निघणारे फॉस्फोजिप्सम वेगळे, त्यात खडकातील फ्लोरिन आणि किरणोत्सारी रेडियमचा अंश उतरतो, कॅडमियम मात्र बरेचसे आम्लाबरोबर निघून जाते. चोपण जमिनीसाठी एकदोनदा वापरायला हरकत नाही, दरवर्षी टाकू नये. जमीन चोपण आहे की नाही हे विनिमययोग्य सोडियम तपासूनच ठरवावे.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्याकडे 'सेंद्रिय' या शब्दामुळे कोणाचे लक्ष जात नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी शिसे १०० पीपीएम आणि कॅडमियम ५ पीपीएम या कमाल मर्यादा आहेत. झिंक सल्फेटच्या २५ पीपीएमपुढे ५ पीपीएम सुरक्षित वाटते. पण कंपोस्ट एकरी चार टन पडते. मर्यादेच्या टोकाचा माल असेल तर एका वर्षात २० ग्रॅम कॅडमियम आणि ४०० ग्रॅम शिसे शेतात गेले. झिंक सल्फेटच्या पाव ग्रॅमच्या ऐंशी पट. सहा वर्षांत जमिनीतील कॅडमियम दुप्पट, आणि हे सारे कायद्याच्या चौकटीत राहून. प्रत्येक कंपोस्ट एवढे वाईट नसते, बहुतेकांत आकडे याहून कमी असतात, आणि घरच्या गोठ्याचे शेणखत किंवा साखर कारखान्याचे प्रेसमड याबाबतीत सहसा निर्धोक असते. पण शहरी कंपोस्ट, सांडपाण्याचा गाळ आणि औष्णिक वीजकेंद्राची राख हे तीन पदार्थ पाल्याच्या पिकाला अहवालाशिवाय अजिबात देऊ नयेत. राखेत आर्सेनिक आणि बोरॉनही असते, आणि ती बहुधा अल्कधर्मी असल्याने आपल्या जमिनीला तिचा काहीच उपयोग नाही. कोंबडी खतात तांबे व जस्त जास्त येते, तेही लक्षात असू द्या. आपल्या शेतात पूर्वी डाळिंब किंवा द्राक्ष असेल आणि वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारले असेल, तर वरच्या थरात तांबे साचलेले असणार. खरेदीदाराच्या चार धातूंत ते नाही, पण माती परीक्षणात ते जरूर पाहून घ्या.

सोलापूरच्या जमिनीचा सामू येथे आपल्या बाजूने उभा आहे. ८ च्या आसपासच्या सामूला आणि चुनखडीच्या सान्निध्यात कॅडमियम व शिसे मातीला घट्ट धरून राहतात, मुळांना फार थोडे मिळतात. परदेशी कुंडीतल्या सहाच्या सामूशी आपली तुलना होत नाही ती या दुसऱ्या कारणाने. पण हे संरक्षण दोन ठिकाणी सैल पडते. एक, आर्सेनिकचा स्वभाव उलटा आहे, सामू वाढला की ते अधिक सुटे होते. म्हणून आर्सेनिक असलेला कोणताही टाकाऊ माल आपल्या जमिनीत विशेष वाईट. दुसरे, क्लोराईड. पाण्यातील क्लोराईड कॅडमियमला चिकटून त्याला मातीच्या पकडीतून सोडवते आणि मुळांपर्यंत नेते. मंगळवेढा, सांगोला, दक्षिण सोलापूर या भागांत बोअरच्या खाऱ्या पाण्यावर शेती करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यावर म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराईडच, टाकले जाते. पाल्याच्या पिकाला पालाश द्यायचे तर सल्फेट ऑफ पोटॅश द्या. महाग पडते हे मला मान्य आहे, पण आपण विकता तो पाला आहे, आणि धातू फळ-बियांपेक्षा पानांत अधिक साठतात.

पाल्याचा आणखी एक विशेष आहे. ताज्या पानात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, ते उडाले की पावडरीत प्रत्येक धातूचे प्रमाण चार ते पाच पट होते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात ताज्या पालेभाजीसाठी कॅडमियमची मर्यादा ०.२ आणि शिशाची ०.३ पीपीएम आहे. समजा आपल्या ताज्या पाल्यात कॅडमियम ०.१ आले. भाजी म्हणून तो आरामात पास. त्याचीच पावडर ०.४ ते ०.५ वर जाते, आणि तीच पावडर आयुर्वेदिक औषधांच्या कच्च्या मालाला लागू असलेल्या मर्यादांवर, म्हणजे शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएमवर, नापास ठरते. युरोपात अन्नपूरक म्हणून गेली तर तेथे कॅडमियम १, शिसे ३ आणि पारा ०.१ पीपीएम, म्हणजे कॅडमियमला सूट आणि शिशाला कडक. म्हणून निर्यातदाराला आधी लेखी विचारा की कोणत्या देशाची, कोणत्या वर्गाची मर्यादा तो लावणार आहे. ते ठरल्याशिवाय अहवालाला अर्थ नाही.

धुळीबद्दल मी सर्वांत आग्रहाने सांगेन. शिसे मुळांवाटे पानापर्यंत फार कमी चढते. पाल्याच्या पावडरीत शिसे जास्त आले, तर दहांपैकी बहुतेक वेळा ते वरून बसलेले असते: पावसाच्या थेंबांनी उडालेली माती, नांगरट चालू असलेल्या शेजारच्या रानातला फुफाटा, रस्त्याची धूळ. आपल्याकडे २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, पण त्याआधीचे शिसे जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत अजून आहे, कारण ते जागचे हलत नाही. पुणे-सोलापूर महामार्गालगत शेत असेल, किंवा वाळवण रस्त्याच्या बाजूच्या गच्चीवर होत असेल, तर हा धोका पोत्यातल्या कोणत्याही खनिजापेक्षा मोठा आहे. आणि एक टन खडकाची बारीक भुकटी उन्हाळी वाऱ्यात हाताने फेकली तर ती कोठे बसणार, हे सांगायला नको. टाकायचीच झाली तर छाटणीनंतर लगेच, पाला नसताना, ओल्या जमिनीत मिसळून टाकावी. केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी डाळिंबावर उन्हाच्या चट्ट्यांसाठी ठीक आहे, पाल्याच्या पिकावर कोणतीही माती फवारू नये, कारण ती धुतली गेली नाही तर जशीच्या तशी पावडरीत जाते.

माती मिसळली आहे का हे ओळखण्याची खात्रीची पद्धत म्हणजे पावडरीची 'आम्लात न विरघळणारी राख' तपासणे. ही स्वस्त तपासणी आहे आणि अन्न तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा ती करतात. पावडर जाळून उरलेली राख हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली की झाडातील क्षार विरघळतात आणि वाळू-माती मागे राहते. दुसरा पुरावा अहवालातच मिळतो. आपल्या मातीत लोह, क्रोमियम, निकेल भरपूर असल्याने, एका बॅचमध्ये शिशाबरोबर हे तिन्हीही एकदम चढलेले दिसले तर मातीच पावडरीत गेली आहे. फक्त निकेल, क्रोमियम आणि लोह चढले आणि शिसे जागेवर असले, तर दळणाच्या यंत्राचे पाते झिजते आहे का ते पाहा. माढा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा माल शिशासाठी परत आला होता आणि तो वापरलेल्या खतांना दोष देत होता. आम्ही एकाच झाडांचा पाला दोन ढिगांत वाटला. एक तसाच वाळवला, दुसरा स्वच्छ पाण्याच्या दोन टाक्यांतून काढून जाळीवर, सावलीत वाळवला. धुतलेल्या पाल्याचा अहवाल मर्यादेत आला, न धुतलेल्याचा नाही. खते दोन्हींची एकच होती. आपण हाच प्रयोग करून पाहावा, दोन नमुन्यांच्या खर्चात नेमके दुखणे कळते. धुण्याचे पाणी वारंवार बदलावे, आणि कापणी जमिनीपासून किमान दीड-दोन फूट वर करावी.

तपासणीचे दोन शब्द. मातीसाठी एकूण धातू आणि डीटीपीए-उपलब्ध धातू असे दोन्ही मागा. डीटीपीए पद्धत चुनखडीच्या जमिनींसाठीच विकसित झाली आहे आणि जस्तासाठी काढलेल्या त्याच अर्कातून कॅडमियम व शिसेही मोजता येते. अहवालात 'शोधमर्यादेखाली' असे आले, तर ती मर्यादा किती हे विचारा. कॅडमियम शोधमर्यादेखाली आणि ती मर्यादा १ पीपीएम असेल, तर ०.३ च्या निकषासाठी तो कागद निरुपयोगी आहे. पावडरीसाठी अगदी सूक्ष्म प्रमाणातील धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर केलेली तपासणी घ्या. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही, तिच्या मान्यतेच्या यादीत हे चार धातू आणि आपला पदार्थप्रकार आहे का ते पाहा. विक्रेता दाखवतो तो अहवाल बहुधा जुन्या, निवडक नमुन्याचा असतो, तेव्हा पोत्यावरचा बॅच क्रमांक आणि अहवालावरचा बॅच क्रमांक जुळवून पाहा.

या हंगामापुरते करायचे ते असे. छाटणीच्या आधी शेतातून आठ-दहा जागचा सहा इंच खोलीचा मातीचा नमुना एकत्र करून द्या, लोखंडी गंजकी किंवा रंग लावलेली अवजारे वापरू नका. बोअरच्या पाण्याची क्षारता आणि क्लोराईड त्याच वेळी तपासा. जस्त कमी आले तर एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. रॉक फॉस्फेट आणि खडकाची भुकटी यांचे वाचलेले पैसे धुण्याच्या टाक्या आणि झाकलेल्या वाळवण जाळ्या यांत घाला. जे काही विकत घ्याल त्याच्या प्रत्येक बॅचचा अर्धा किलो माल, बिलाच्या प्रतीसह, सीलबंद पिशवीत दोन वर्षे जपून ठेवा. कधी पावडर परत आली, तर धातू खतातून आला, पाण्यातून आला की धुळीतून, हे त्या पिशवीची तपासणी करूनच ठरवता येईल.